पीअर कार्यकर्त्याचं काम नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

पीअर सपोर्ट कार्यकर्ते म्हणजे स्वतः मानसिक आजारातून किंवा व्यसनातून सावरून आता इतर रुग्णांना सोबत करणारी माणसं. त्यांना ताण हाताळायचं प्रशिक्षण दिलं की ते नोकरी सोडणार नाहीत, असं एक मत आहे. प्रशिक्षण हवंच. पण माझ्या मते बहुतेकांचा दम कामाच्या गोंधळात निघतो. स्वतः आजारातून किंवा व्यसनातून सावरलेला माणूस सोबतीला असावा म्हणून नेमायचं, आणि मग त्याला फाइली लावायला, रुग्णाने गोळ्या घेतल्या का यावर पहारा ठेवायला बसवायचं! पहारा सर्वांत घातक, कारण त्याने विश्वासच जातो. जिवाला धोका असेल तर टीमला सांगावंच लागतं, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवावं. बाकीचं किती सांगायचं, हे संस्थेने लेखी ठरवून द्यायला हवं.

व्यसनमुक्तीत आणखी एक पेच आहे. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून 1935 साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधला स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, विनामोबदला मदत करतो. पगारी कार्यकर्त्याला नोंदी, वेळा, मर्यादा असतात. एकाच रुग्णासाठी एकाच माणसाने दोन्ही होऊ नये. शिवाय कार्यकर्ता स्वतः अशा गटाच्या ज्या सभेला जातो तिथे त्याचेच रुग्ण बसलेले असतील, तर त्याने मन मोकळं कुठे करायचं? दुसऱ्या सभेला जाता येईल अशा कामाच्या वेळा त्याला द्या.

आणि तो जरा चिडला, थकला की सहकारी लगेच ‘पुन्हा सुरू झालं का?’ अशा नजरेने बघतात. हे फार दुखावणारं आहे. त्याच्या कामाच्या देखरेखीला अनुभवी पीअर कार्यकर्ता असेल तर साधा थकवा आणि खरा धोका यांतला फरक तिथे निदान बोलता तरी येतो.