शिक्षा मृत्यूला की छळाला?

ऑनलाइन छळामुळे कोणी आत्महत्या केली, तर छळ करणाऱ्यांवर थेट मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवावा, या सूचनेमागची तळमळ समजते. पण शेकडो अनोळखी लोकांनी प्रत्येकी एकदोन ओळी लिहिलेल्या असताना मृत्यूचे कारण नेमकी कोणाची ओळ होती, हे न्यायालयात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

जपानमध्ये २०२० साली ऑनलाइन छळानंतर कुस्तीपटू हाना किमुरा यांनी आत्महत्या केली, तेव्हा हीच अडचण दिसली. त्यांच्याविषयी अपमानास्पद मजकूर लिहिणाऱ्या दोघांना प्रत्येकी केवळ ९,००० येनांचा दंड झाला, आणि तोही अवमानाच्या कलमाखाली. २०२२ मध्ये तेथील संसदेने त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्ष कैद किंवा ३ लाख येन दंड इतकी वाढवली. मात्र कायदेशीर टीकाही त्यात भरडली जाईल, ही तेव्हा व्यक्त झालेली भीती मला अनाठायी वाटत नाही.

न्यूझीलंडच्या २०१५ च्या कायद्याची रचना मला अधिक पटते. हेतुपुरस्सर गंभीर मानसिक त्रास देणारा मजकूर टाकणे हाच तिथे गुन्हा आहे, आणि आत्महत्येस चिथावणी देणे हे समोरच्याने तसा प्रयत्न केला नाही तरीही शिक्षापात्र आहे. म्हणजे पोलिसांना मृत्यूची वाट पाहावी लागत नाही.