ओहोटीच्या डबक्यांवर पोरांना न्यायचं की बंद करायचं?

वाळूतले_पाय
नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण लिहिता लिहिता लांबणार, सांभाळून घ्या. आम्ही समुद्राच्या अगदी जवळ राहतो, ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकांचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यात डबकीच डबकी. सुट्टीच्या दिवशी माझी दोन आणि शेजारची मिळून सात-आठ पोरं घेऊन मी तिथे जातो. वर्षभर चाललंय हे. मोबाईल आपणहून घरी ठेवून येतात, यावरून काय ते समजा.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात एकाने बादली आणली होती, आणि दुसऱ्याचा पाय खरचटला म्हणून मी तिकडे बघत होतो तेवढ्यात यांनी बादलीत खेकडे, शंख, एक तारामासा आणि एक लिबलिबीत तपकिरी गोगलगायीसारखं काहीतरी भरलं. त्या लिबलिबीत प्राण्याला कुणीतरी काडीने ढोसलं आणि सगळं पाणी जांभळं झालं. पोरं खूश, टाळ्या! अर्ध्या तासाने सगळं परत डबक्यात ओतलं तर तारामासा मलूल आणि दोन खेकडे हलेचनात. धाकटी रडायला लागली, ते मेले का म्हणून, आणि मला काही बोलता येईना.

आता शेजारच्या काकांचं म्हणणं, जाणंच बंद करा, तुमच्यामुळे सगळं ओस पडेल. बायकोचं म्हणणं, बघितलंच नाही तर पोरांना त्याचं काही वाटणार कसं. मला दोन्ही पटतं हीच पंचाईत. न्यायचं का, आणि नेलं तर हात लावू द्यायचा का?

ओहोटीवाली
न्या की! बंद कसलं करताय. बादली तेवढी बंद करा.

बादलीत काय होतं ते सांगते. थोडंसं पाणी उन्हात भराभर तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्यात तुम्ही आठ-दहा जीव कोंबलेत. डबकंसुद्धा तापतं पण तिथे कपारी असतात, सावली असते, ज्याला नको त्याला लपता येतं. बादलीत कुठे जाणार बिचारे. ते जांभळं पाणी सोडणारं म्हणजे सी हेअर, डिवचलं की शाई सोडतं ते, म्हणजे पोरं टाळ्या वाजवत होती तेव्हा ते घाबरून होतं नव्हतं ते सोडत होतं.

तारामाशाचं वेगळंच. तो पाण्यातला प्राणवायू अंगावरच्या बारीक पापुद्र्यांतून आणि खालच्या नळीसारख्या पायांतून घेतो, त्यामुळे फोटोसाठी हातात धरून ठेवला की तो श्वास कोंडून बसलेला असतो. आणि खडकाला चिकटलेला ओढून काढला तर त्यातले काही पाय तुटून खडकावरच राहतात, जवळून बघा, बारीक पांढरट ठिपके दिसतील. म्हणून माझा घरचा कायदा असा की जे चिकटलंय ते सोडवायचं नाही. एक बोट, ओलं केलेलं, हळूच टेकवायचं आणि काढायचं. हातावर सनस्क्रीन किंवा डासांचं क्रीम असेल तर तेही नाही.

आणि दगड! याच्यावरून मी पोरांना खरंच ओरडते. दगड उलटा केला की खालच्या बाजूला स्पंज, अंडी, इवले खेकडे असं सगळं भाडेकरूंनी भरलेलं घर असतं, ते ऊन सहन करू शकत नाही. वरच्या बाजूला शेवाळ असतं, त्याला ऊनच लागतं. उलटा टाकून निघून गेलात तर दोन्ही मजले मेले. उचलायचाच असेल तर एका कडेने हळू तिरका करा, बघा, आणि जसा होता तसाच, त्याच तोंडाने, परत ठेवा. आपटायचा नाही.

रिकामे शंखही घरी आणू नका हं. रिकामे आपल्याला वाटतात. हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, त्याचं अंग मागून मऊ असतं, तो वाढला की त्याला मोठा शंख लागतो आणि चांगल्या शंखांची कायम टंचाई असते. कधी कधी एका मोठ्या शंखाभोवती लहानमोठे खेकडे मापाने रांगेत उभे राहतात, पहिला मोठ्यात गेला की दुसरा पहिल्याच्या सोडलेल्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या, असं पटापट होतं. तुम्ही पहिला शंखच खिशात टाकलात तर सगळी रांग अडकली.

कोरडा_शंख
माफ करा पण हे सगळं वाचून हसू आलं. आठ पोरांनी काडीने काय ढोसलं याची एवढी चर्चा, आणि तिकडे नाल्याचं पाणी थेट समुद्रात, तुटलेली जाळी वर्षानुवर्षं पाण्यात मासे मारत पडलेली. नायलॉनचं जाळं कुजत नाही, ज्याचं ते होतं तो विसरून जातो पण जाळ्याचं काम चालूच. गेल्या महिन्यात एक गुंता वाळूतून ओढायला गेलो, त्यात सोळा खेकडे मोजले, निम्मे जिवंत. आधी तो मोठा घोळ निस्तरा, मग पोरांना बोटं किती ओली करायची ते शिकवा.

ओहोटीवाली
ते सोळा खेकडे दिसले कुणाला? किनाऱ्यावर गेलेल्यालाच ना!

खडकचिकट
कोरडा शंख यांचं जाळ्यांबद्दल शंभर टक्के बरोबर, पण "एवढ्याशाने काय होतंय" याच्यावर एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एक उद्योग सुरू केला, खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे सब्बल घालून सोडवायचे आणि समुद्रात भिरकावून द्यायचे. बाजूचा पट्टा तसाच ठेवायचा. बस, एवढंच. ते तारामासे तिथल्या शिंपल्यांवर जगायचे. ते गेल्यावर शिंपले पसरत गेले, पसरत गेले, आणि शेवाळ, बार्नॅकल, लिंपेट (दोन्ही खडकाला चिकटून राहणारे कवचवाले जीव) या सगळ्यांची जागा खाऊन बसले. आधी १५ जाती होत्या तिथे ८ उरल्या. 'कीस्टोन' जाती, म्हणजे जिच्या आधारावर बाकीच्या टिकतात अशी जात, हा शब्द त्याच कामातून १९६९ मध्ये आला. आता सगळेच तारामासे असे कमानीतला मधला दगड नसतात हे खरं, आणि पेन पद्धतशीर उपटत होता, पोरं तसं करत नाहीत. पण डबक्यात कोण किती महत्त्वाचा हे वरून बघून कळत नाही, म्हणून सोडून द्यायचं.

जाता जाता लिंपेट. खडकावर उलट्या वाटीसारखे चिकटलेले असतात ते, मेलेले वाटतात. त्यातल्या बऱ्याच जाती पाणी आलं की चरायला निघतात आणि ओहोटीच्या आत नेमक्या आपल्या जागेवर परत येऊन बसतात. खडकावर त्यांच्या कवचाच्या मापाची खाच पडलेली असते, झाकण बरणीवर बसावं तशी कड बसते आणि आतलं पाणी टिकतं. लाथेने उडवलात तर ते गणितच बिघडलं. पोरांना एकच लिंपेट ठरवून द्या, दर वेळी जाऊन घरी आहे का बघायचं. आमच्याकडच्या एकाचं नाव पोस्टमन आहे.

मीठपाणी
सुरक्षेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

आठ पोरं आणि मोठं माणूस एकटे तुम्ही, हे मला पटलेलं नाही. अजून एक जण न्याच, आणि त्याचं काम फक्त समुद्राकडे बघत बसणं. बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. वेळापत्रक बघूनच निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात मागे जातं आणि एरवी न दिसणारा खालचा पट्टा दिसतो, पण तेच पाणी परत येताना तितकंच वर चढतं. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत फारसं काही उघडं पडत नाही, जाऊन चिडचिड होते.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही हेही लक्षात ठेवा. भरतीचे सहा तास धरले तर ढोबळ हिशोब असा की पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिस्स्याइतकंच चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे पहिला तास "अजून कुठे आलंय पाणी" असं वाटतं आणि मग एकदम मागची वाट बंद. मी स्वतः गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन परत आलोय, तेव्हापासून सर्वात खालच्या ओहोटीच्या तासभर आधी पोचतो आणि पाणी वळलं की गाशा गुंडाळतो.

आणि उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर हात नाही म्हणजे नाही. कोन शंख तो, आतला प्राणी विषारी काटा भाल्यासारखा मारतो, काही जातींच्या विषाने माणूस दगावलाय आणि त्यावर उतारा नाही. सुंदर दिसतो हाच त्रास.

कोरडा_शंख
मघाशी जरा जास्तच बोललो. जाळ्याबद्दल कामाचं सांगतो: वाळूत गाडलेलं जाळं ओढू नका, खाली काय काय जोडलेलं असतं, सगळं उखडून येतं. जेवढं वर आहे तेवढं कापून घ्या, आणि अडकलेला जीव असेल तर दोरा कापायचा, जीव ओढायचा नाही. पोरांच्या हातात कात्री नको.

आणि ते स्वच्छता मोहिमेवाले शेवाळाचे ढीगही कचरा समजून भरून नेतात तेही थांबवा कुणीतरी! त्या ढिगात वाळूतले उड्या मारणारे किडे असतात, त्यांच्यावर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. प्लास्टिक वेचा, शेवाळ राहू द्या.

खडकचिकट
आता कसं बोललात! बंद करा म्हणणाऱ्या काकांसाठी अजून एक: फिलिपिन्समधलं आपो बेट. १९८२ मध्ये तिथल्या मच्छीमारांनी सिलिमन विद्यापीठाच्या अँजेल अल्काला यांच्या सोबतीने बेटाच्या एका बाजूचा छोटा पट्टा मासेमारीला बंद केला, बाकीचा समुद्र चालू. राखण गावकऱ्यांनीच केली. पुढे त्या पट्ट्यात मोठे मासे वाढले आणि बाहेरच्या जाळ्यांतही यायला लागले. म्हणजे सगळं बंद किंवा सगळं मोकळं असे दोनच पर्याय नसतात. तुम्हीही डबक्यांची एक रांग "इथे फक्त बघायचं" म्हणून ठरवा, पाय पण नाही टाकायचा, आणि ती कुठली ते पोरांना ठरवू द्या. त्यांनी ठरवलेली हद्द ती तुमच्यापेक्षा कडक सांभाळतात, अनुभव आहे.

वाळूतले_पाय
सगळ्यांचे आभार, आज सकाळी जाऊन आलो. शेजारच्या काकांनाच बरोबर नेलं, त्यांना समुद्राकडे बघायचं काम दिलं, एकदम गंभीरपणे केलं त्यांनी.

बादली घरी. एका डबक्याभोवती सगळ्यांना पोटावर झोपवलं आणि दहा मिनिटं कुणी हलायचं नाही म्हटलं. पहिली पाच मिनिटं "इथे काहीच नाहीये" चाललं होतं. मग शेवाळाचा एक तुकडा चालायला लागला, म्हणजे खेकडा होता, पाठीवर शेवाळ घेऊन. तो दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं, तळाशी काचेसारखी कोळंबीची दोन पिल्लं, कपारीत मिटलेलं सी अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा प्राणी), आणि मोठ्याच्या कोपराला लागून एक लिंपेट. धाकटीने विचारलं, मागच्या वेळचा तारामासा यात आहे का. मी म्हटलं माहीत नाही गं. ती म्हणाली मग पुढच्या वेळी पण याच डबक्यावर यायचं.

ओहोटीवाली, एक राहिलंच, अ‍ॅनिमोनला बोट लावलं तर बोटाला चिकटल्यासारखं वाटलं, ते काय?

ओहोटीवाली
ते डंख मारतंय तुम्हाला :) बारीक विषारी सुया असतात, बऱ्याच जातींच्या सुया बोटाच्या जाड कातडीतून आत जात नाहीत म्हणून नुसतं चिकट लागतं. पण काही जाती चांगल्याच भाजतात, आणि त्यालाही त्या सुया परत बनवाव्या लागतात. तर ते आता नुसतं बघायच्या रांगेत टाका.