न केलेल्या तपासण्या हॉस्पिटलच्या बिलात. पैसे विम्याने भरले, मग पेशंटचं काय बिघडतं?

प्रश्न: वरीलप्रमाणे. तक्रार करण्यात अर्थ आहे का?

उत्तर १: आहे. विम्याची वार्षिक मर्यादा तेवढी संपते. त्याहून वाईट म्हणजे विमा कंपनीला तपासणी पटावी म्हणून लिहिलेलं खोटं निदान. रेकॉर्डवर ‘मधुमेह’ चिकटला की पुढचा क्लेम ‘आधीचा आजार’ म्हणून अडू शकतो.

उत्तर २: ठोक बिल चालवून घेऊ नका, बाबवार मागा. सोबत केसपेपर आणि नर्सिंग चार्टची (नर्सने दिलेल्या औषधांची नोंद) प्रत. बिलात इंजेक्शनं ६, चार्टवर ३, की पुरावा हातात! इम्प्लांट (शरीरात बसवलेला स्टेंट, सांधा वगैरे) असेल तर बिलातला त्याचा बॅच नंबर केसपेपरवरच्या स्टिकरशी जुळवा.

उत्तर ३: फरक विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. खोटं निदान काढायला हॉस्पिटलला वेगळा अर्ज; नुसते पैसे परत मिळाले तरी नोंद तशीच राहते.