तंबोऱ्यातून नाते रंगवताना चित्र कॅलेंडरसारखे होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न (चित्रकार, महाल, नागपूर)
माझ्या सासूबाई गात असत. सासरे स्वतः एक ओळही गुणगुणत नसत, पण रोज पहाटे गवसणी काढून तंबोरा लावून ठेवण्याचे काम त्यांनी कधी दुसऱ्याकडे दिले नाही. मे महिन्यात कूलर सुरू झाला की सूर टिकत नसे, तेव्हा तर ते दोन-तीनदा उठत. हे नाते मला तैलरंगात आणायचे आहे. पहिल्या प्रयत्नात दोघांना तंबोऱ्याशेजारी बसवले, तर ते लग्नाच्या वाढदिवसाचे छायाचित्र वाटू लागले. दुसऱ्यात तारांमधून रंगांच्या लाटा काढल्या. त्याविषयी न बोललेलेच बरे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर (चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, धरमपेठ)
आपल्याकडच्या रागमाला चित्रांकडे, म्हणजे रागांना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या लघुचित्रांकडे, पुन्हा पाहावे. 1605 साली चावंड येथे निसारदीनने रंगवलेली मेवाडची रागमाला प्रसिद्ध आहे, पण या परंपरेतील कोणत्याही शैलीतले तोडी रागिणीचे चित्र घेतले तरी चालेल : नायिका वीणा घेऊन रानात उभी आहे, हरणे जवळ आली आहेत आणि ज्याच्यासाठी ती वाजवते आहे तो बहुतेक वेळा चौकटीत नसतोच. विरह कळतो तो त्या रिकाम्या जागेमुळे. (वर्गात हे समजावून सांगितले की निम्मी मुले फक्त हरणे काढत बसत.) दोघांपैकी एकाला चित्रातून वगळून पाहावे, असे मी सुचवीन.

उत्तर (सतार वाजवणारा, रामदासपेठ)
वाद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आम्ही ‘जोड’ म्हणतो, कारण दोन्ही एकाच षड्जात लावायच्या असतात. त्यांच्यात किंचित फरक राहिला तर नाद हेलकावे खातो; आधी खुंटी पिळून आणि मग घोडीमागचा मणी केसभर सरकवून ते हेलकावे मंदावत नेतात, आणि ते थांबले की दोन तारा वेगळ्या ओळखू येत नाहीत. आपले सासरे रोज पहाटे नेमके हेच ऐकत असणार. लाटा काढण्यापेक्षा तो मण्यावरचा अंगठा काढावा.

उत्तर (कलेतिहासाची अभ्यासक, सीताबर्डी)
अंगठ्याची सूचना मला पटते, मात्र माणूस सरसकट वगळण्याविषयी माझे मत वेगळे आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार फर्मिर याच्या ‘संगीताचा धडा’ या चित्रात वाजवणारी तरुणी आपल्याकडे पाठ करून उभी आहे आणि तिचे डोके वाद्याकडे असल्यासारखे दिसते. समोरच्या आरशात मात्र तिचा चेहरा शेजारच्या पुरुषाकडे वळलेला आहे. जमिनीवर एक मोठे तंतुवाद्य नुसतेच पडून आहे. त्याच शतकातील डच कवी याकोब काट्स याच्या एका प्रेमविषयक बोधचित्रात एक जण ल्यूट हे तंतुवाद्य वाजवतो आणि हात न लागलेले दुसरे ल्यूट त्याच सुरात कंप पावते. आपल्या सतारीतल्या तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा याच तत्त्वावर झंकारतात. सासूबाई चित्रात असाव्यात, पण गाताना नव्हे. कदाचित केवळ भिंतीवरच्या आरशात, केस विंचरताना.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. एक गोष्ट प्रश्नात लिहायची राहून गेली : सासूबाई गेल्यानंतरही सासरे जवळजवळ वर्षभर तंबोरा लावून ठेवत होते आणि दुपारी तो पुन्हा गवसणीत घालत होते. त्यामुळे आरसा ठेवीन, पण रिकामा. म्हणजे दोन्ही उत्तरे थोडीथोडी मानल्यासारखे होईल. अंगठा मोठा, जवळून, आणि नखाशेजारी तो मणी. सतारवाल्यांना एवढेच विचारायचे आहे की जोडीच्या दोन्ही तारा एकाच जाडीच्या दाखवाव्यात का?

उत्तर (सतार वाजवणारा, रामदासपेठ)
हो, दोन्ही पोलादी आणि एकाच जाडीच्या. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार तेवढी पितळेची आणि जाड. तिला पिवळट रंग द्यावा.