सर्कशीच्या दारात फलक धरून काय होतं?

फिरता खांब (धागाकर्ता)
'पाच माणसं आणि एक कापडी फलक! सर्कशीतले प्राणी असे सुटतात होय?' ही टिंगल इतक्यांदा ऐकली की धागाच काढला. माझं म्हणणं, सुटले ते अशांमुळेच.

रिंगलिंग ब्रदर्स या अमेरिकेतल्या जुन्या सर्कशीने मार्च २०१५ मध्ये हत्ती बंद करायचं जाहीर केलं. मालकांनी दिलेलं कारण बघा: शहरोशहरी नियम वेगळे झालेत, हत्ती घेऊन फिरणं अवघड झालंय. लॉस एंजेलिसने २०१३ मध्ये आणि ओकलंडने २०१४ मध्ये बंदी घातली ती हत्तीवर नव्हे, फक्त अंकुशावर. एवढी लोखंडी आकडी काढून घेतली आणि खेळ अडला. मे २०१६ मध्ये हत्तींचा शेवटचा खेळ झाला. म्हणून म्हणतो, राजधानीत मोर्चा नेण्याआधी नगरपालिकेच्या सभेत उभं राहून बोला, बंदीचा ठराव मांडा.

जुना तंबू
साफ असहमत.

हत्ती गेल्यावर तिकीटविक्री कोसळली, हे मालकांनीच सांगितलं. मे २०१७ मध्ये १४६ वर्षांची सर्कस बंद. झुल्यावरच्या पोरी, विदूषक, तंबू ठोकणारे गडी... यांच्यासाठी कुणी फलक धरला होता?

आणि प्रचार किती सोवळा ते सांगतो. याच सर्कशीवर हत्तींच्या छळाचा खटला भरला होता. मुख्य साक्षीदार सर्कशीतला जुना नोकर. तो फिर्यादी संस्थांचेच पैसे घेत होता, असं न्यायालयात उघड झालं. खटला तर गेलाच, वर सर्कसवाल्यांनी उलट दावा लावला. एका संस्थेने २०१२ मध्ये ९३ लाख डॉलर मोजून सुटका करून घेतली, बाकीच्यांनी मिळून २०१४ मध्ये दीड कोटीहून जास्त.

अंकुशही टोचायला नसतो, खुणेला असतो.

फिरता खांब
साक्षीदाराचं प्रकरण लाजिरवाणंच, त्यावर वाद नाही. पण ती मोठ्या संस्थांची वकिली लढाई होती आणि ती हरली. सभेत बोलणारे जिंकले. माझा मुद्दा तोच तर आहे!

खुणेचं म्हणाल, तर नुसती आकडी दिसताच एवढं धूड पाय का उचलतं? आधी टोचलेलं आठवतं म्हणून.

शिवाय तीच सर्कस २०२३ मध्ये परत सुरू झाली. एकही प्राणी नाही. झुले आहेत, माणसं आहेत.

जुना तंबू
सहा वर्षांनी. तोवर त्या माणसांनी काय खायचं होतं?

टिच्चूनबोल
इंग्लंडची गंमत कुणी सांगितली नाही अजून. वन्य प्राण्यांवरचा कायदा जानेवारी २०२० पासून लागू झाला. तेव्हा परवानाधारक सर्कशींत असे प्राणी उरले होते किती? १९! सहा रेनडिअर, चार झेब्रे, तीन उंट, तीन रॅकून, एक कोल्हा, एक मकाव पोपट आणि एक झेबू बैल. वाघ-सिंह औषधालाही नाहीत. एवढ्यासाठी संसद बसली.

फिरता खांब
१९ च का उरले, ते विचारा की. लोकांनी आधीच पाठ फिरवली होती. कायदा शेवटी येतो आणि फोटो काढून घेतो.

दुसरा दिवस (सदस्य)
मी बंदीच्या बाजूचा, तरी धागाकर्त्यावर वैतागलोय. ठराव झाला, टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण्याला चारा कोण घालणार? मेक्सिकोत २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि नंतर कित्येक प्राण्यांचा पत्ताच लागेना.

बोलिव्हियाने २००९ मध्ये वन्य आणि पाळीव दोन्हींवर बंदी घातली. पण तिथे छुप्या चित्रीकरणाने प्रकरण बाहेर काढणारी संस्था पुढेही थांबली आणि तिने २०११ मध्ये २५ सिंह विमानाने कोलोरॅडोच्या अभयारण्यात नेले. डेन्मार्क सरकारने २०१९ मध्ये शेवटच्या चार सर्कस-हत्तिणी चक्क विकत घेतल्या, सुमारे १ कोटी १० लाख क्रोनरला. त्यातल्या रॅम्बोलीनची अली नावाच्या उंटाशी मैत्री जमली होती, म्हणून अलीलाही घेतलं. याला म्हणतात काम पुरं करणं.

टिच्चूनबोल
उंटासकट! सरकारी खरेदीत इतकी माया पहिल्यांदा ऐकली.

जुना तंबू
अलीचं ठाऊक नव्हतं. बरं वाटलं वाचून.

पण ते क्रोनर फलकवाल्यांच्या खिशातून गेले नाहीत. तुमच्या ठरावात दोन गोष्टी घाला: प्राण्याला जागा मिळेपर्यंत खर्च कोण करणार, आणि तंबूतल्या माणसांना किती महिन्यांचा पगार. मग माझी सही घ्या.

फिरता खांब
मसुदा उद्या इथेच टाकतो. पगाराचं कलम तुम्हीच लिहा, मला त्यातलं कळत नाही.