खुबा, मांडी, जांघ: दवाखान्यात नेमकं काय सांगायचं?

खानापूरची लेक

आई ७४ वर्षांची. पावसाळ्याआधीपासून लंगडत होती, जमिनीवरून उठताना कळ यायची. बेळगावात एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला गोड, पण कन्नड. कुठं दुखतंय विचारल्यावर आई म्हणाली, "मांडी." त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे लिहून दिला. कन्नडात मंडी म्हणजे गुडघा, हे मला घरी आल्यावर शेजारणीनं सांगितलं. मध्येच त्यांनी "तोडे?" असंही विचारलं होतं. कन्नडात तोडे म्हणजे मांडी. आई बिचारी स्वतःच्या मनगटांकडं बघत बसली. तिचे तोडे माझ्या लग्नात मोडले.

तीन आठवडे गुडघ्याला पट्टा बांधून होती. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पाय गुडघ्यात दुमडून आतल्या बाजूला फिरवला आणि ती ओरडलीच. खुब्यातली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण, झिजली होती.

आमच्या गल्लीतल्या बायकांसाठी एक कागद करायचाय. हाडांची नि सांध्यांची नावं, आपण बोलतो तशी. मांडीच्या हाडाला 'ऊर्वस्थी' वगैरे नको, ते कुणाच्या तोंडात नाही. पण खुबा म्हणजे नेमकी कुठली जागा? विचारलं की कुणी कंबरेवर हात ठेवतं, कुणी कुल्ल्यावर.

निपाणीचे मास्तर

ताई, ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, हा घोळ दरवर्षी बघितलाय. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब. त्याच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो श्रोणीच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडाच्या, वाटीत बसतो. हा उखळीचा सांधा, हाच खुबा. कुशीवर झोपल्यावर जे हाड टोचतं तो सांधा नव्हे, तो मांडीच्या हाडाचाच बाहेरचा उंचवटा. खरा सांधा खोल, पुढून जांघेच्या रेषेत. म्हणून खुबा बिघडला की कळ बहुधा जांघेत येते. खांदाही उखळीचाच, पण त्याची उखळ उथळ, म्हणून तो लवकर निखळतो. गुडघा नि कोपर बिजागरीचे.

नडगी, घोटा, बरगडी, पेरं, माकडहाड हे शब्द जरूर घ्या, म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात. मणके ३३: मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५, त्याखाली जुळलेले ५ आणि माकडहाडाचे ४. संस्कृत नावं गाळा, पण 'फीमर' (मांडीचं हाड), 'हिप' (खुबा), 'नी' (गुडघा) बारीक अक्षरात लिहाच. रिपोर्टवर तेच येतं.

संकेश्वरची सिस्टर

घरात मराठी, शाळा कन्नड, नोकरी हाडांच्या वॉर्डात, त्यामुळं रोज हेच. सांधा म्हणजे कीलु, हाड म्हणजे एलुबु किंवा मूळे, गुडघा म्हणजे मोणकालु किंवा मंडी. आणखी एक सांगते, हिंदी बोलणारा डॉक्टर असला तर 'जांघ' शब्द जपून वापरा. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी!

आणि त्या पहिल्या डॉक्टरांना फार बोल लावू नका. खुब्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यातच जाणवतं, कारण दोन्ही सांध्यांना काही नसा त्याच जातात. पेशंटला आम्ही आधी एका बोटानं जागा दाखवायला सांगतो. हाताचा पंजा ठेवला तर काहीच कळत नाही.

अनगोळची तालीम

खवाटा विसरू नका. खांद्यामागचं ते तिकोनी हाड. आमची पोरं तिथं मार लागला तरी 'पाठ' म्हणून सांगतात.

खानापूरची लेक

मास्तर, सिस्टर, दादा, सगळं उतरवून घेतलं. आत्ताच आईला म्हटलं, एका बोटानं दाखव. तिनं बोट सरळ जांघेत ठेवलं. गेले दोन महिने हे कुणी तिला विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. कागदावर गुडघ्याच्या चित्राशेजारी 'मंडी' लाल पेनानं लिहिलंय. खवाट्याचं चित्र तेवढं जमत नाहीये, कुणी काढून फोटो टाकेल का?