मदत हवी आहे: कोर्ट केसमुळं टीसीएसचे शेअर विकायचे का?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. बाबांनी २००४ ला टीसीएसच्या आयपीओत ८५० रुपयांनी थोडे शेअर घेतले होते, पुढं तीनदा एकास एक बोनस लागून एकाचे आठ झाले. बाबा गेल्यावर ते माझ्या डिमॅटला आले. आता पोरीच्या इंजिनिअरिंगची फी आलीय आणि मेहुणा रोज फोन करतोय, अमेरिकेत केसेस लागल्यात, सगळे विकून मोकळा हो.

म्हणून जुनं काढून वाचलं. एपिक सिस्टिम्स या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या अमेरिकन कंपनीनं २०१४ ला टीसीएसवर आपली गुपितं चोरल्याची केस टाकली, २०१६ ला ज्युरीनं ९४ कोटी डॉलर भरपाई-दंड लावला, तो कमी होत होत अपिलात २८ कोटींवर आला, आणि नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं टीसीएसचं अपील ऐकायलाच नकार दिला. मग त्या डिसेंबर तिमाहीत ९५८ कोटी रुपये यापायी बाजूला काढले, तरी नफा ११,०५८ कोटी, आणि तिमाहीचे आकडे आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर उलट वर गेला.

आमच्याकडं फर्नेसचं लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) गेलं की त्या महिन्याला मोठा खड्डा पडतो पण लायनिंग परत करून काम चालू होतं, रिजेक्शन (खराब म्हणून परत आलेला माल) मात्र महिन्यामागं महिना वाढत गेलं तर धंदाच बसतो. कोर्टाचा दंड म्हणजे लायनिंग, आणि ऑर्डरी न् मार्जिन घसरणं म्हणजे रिजेक्शन, असं मी धरतोय, बरोबर आहे काय?

अडतंय ते डीएक्ससी या अमेरिकन आयटी कंपनीनं टीसीएसवर टाकलेल्या केसवर. २०२४ ला डॅलसच्या कोर्टानं साधारण १९.४ कोटी डॉलर तर लावलेच, वर मनाईहुकूमही दिला होता (तो २०२५ ला अपील कोर्टानं रद्द करून परत तपासायला खाली पाठवला). पैसे एकदा भरले की भरले, पण असा हुकूम परत लागला आणि अमुक सॉफ्टवेअर कोड वापरायचाच नाही म्हटल्यावर पुढची कामं हातची गेली तर ते नफ्यातोट्याच्या पानावर कुठं दिसणार?

काल सेकंड शिफ्टवरनं येऊन जेवण झाल्यावर ॲन्युअल रिपोर्ट उघडला. प्रोव्हिजन (देणं लागणार म्हणून बाजूला काढलेली रक्कम) नफ्यातनं वजा झालेली असते आणि कंटिंजंट लायबिलिटी (कदाचित द्यावं लागेल असं देणं) नुसती मागं नोट म्हणून असते, एवढं कळलं. पण ती नफ्याच्या मानानं किती झाली की काळजी करायची हे काय कळंना. मेहुण्याचं चुकतंय असं नाही, त्याला पोरीचीच काळजी आहे. पण फीपुरते विकावेत आणि बाकी बाबांचे म्हणून ठेवावेत असं लै वाटतंय.

कुणी रिपोर्ट नीट वाचणारं असेल तर कुठली नोट आधी बघू तेवढं सांगा, रविवारी सुट्टी आहे, बसून वाचतो.